सर्व्हरला दुसरी वाट हवीच

गुंजीत पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. खानापूरच्या जंगलात कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि नेटही जाते. इथे बसून मी बेळगावातल्या एका सोसायटीचा लिनक्स सर्व्हर सांभाळतो.

गेल्या पावसाळ्यात एका ठेकेदाराने दुरूनच फायरवॉलचे नियम बदलले आणि २२ क्रमांकाचे पोर्ट बंद झाले. दुरून आत जायची एसएसएचची वाटच बुजली, त्याचीही आणि माझीही. भर पावसात बेळगाव गाठून सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला, तर समोर लॉगिनचा पासवर्ड मागत होता. दुरून आम्ही सगळे एसएसएच-कीने आत जायचो, त्यामुळे पासवर्ड कुणाच्याच लक्षात नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात तो निघाला म्हणून निभावले. की कितीही भक्कम असली, तरी समोरच्या कीबोर्डवर तिचा उपयोग नाही. असे पाकीट ज्या कार्यालयात नाही, तिथल्या लोकांची मला खरोखर काळजी वाटते.

दुरून फायरवॉलला किंवा एसएसएचच्या सेटिंगला हात लावायचा असेल, तर चालू खिडकी बंद करू नका. बदल झाल्यावर दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते का ते पाहा, मगच पहिली सोडा. नेटवर्कचा पत्ता बदलताना उबंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. लांबलचक अपडेट नेहमी टीमक्समध्ये चालवा. इकडे लाईट गेली तरी तिकडचे काम थांबत नाही, पुन्हा जोडणी करून तिथूनच पुढे जाता येते.

विंडोज सर्व्हर असेल, तर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नका, आधी व्हीपीएन लावा. सर्व्हरमधल्या आयड्रॅक किंवा आयएलओलाही तोच नियम. तिथून सर्व्हरची स्क्रीन दिसते, मशीन बंद असतानाही बटण दाबता येते, म्हणूनच ती वाट जास्त जपायची. टेलनेट तर विसराच, त्यात पासवर्ड उघडाच जातो. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्डचोरी झाल्यावरच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले.

या आठवड्यात कार्यालयातल्या एखाद्याला सर्व्हरसमोर बसवा आणि पाकिटातल्या पासवर्डने एकदा लॉगिन करून पाहायला सांगा.