साज बदला, चाल नको!

गिऱ्हाईक वाढवायचं म्हणून माल किती बदलायचा?

१९५१ चा ‘अलबेला’ सिनेमा घ्या. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी गोव्याचे जॅझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं. ठेका, साज नवा; पण चाल कुणालाही गुणगुणता येईल अशी, आपली. गाणी तुफान चालली.

आता आपल्या वर्ध्याची वायगाव हळद बघा. तिला जीआय मानांकन आहे. पाकीट छोटं करा, लेबल रंगीत करा, हळद-दुधाचा मसाला काढा. हा झाला साज. पण स्वस्तात पडते म्हणून दुसरी हळद मिसळून ‘वायगाव’ नावाने विकली, तर चालच गेली! गिऱ्हाईक एकदा घेईल, परत येणार नाही.

गृहपाठ: वहीत दोन रकाने पाडा, ‘साज’ आणि ‘चाल’. तुमच्या मालातलं काय कुठे बसतं, आजच लिहून काढा.