उष्णता किती, तापमान किती

चि. भाचीस,


‘उष्णता’ हे प्रकरण पाठ झालं, पण त्यातलं काहीच रोजच्या व्यवहारात दिसत नाही, अशी तुझी तक्रार आहे. ती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. प्रकरणातल्या सगळ्या व्याख्या घोकण्यापेक्षा त्यातला एकच भेद घट्ट धर: उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं. तापमान म्हणजे वस्तू किती तापलेली आहे ते. उष्णता म्हणजे तापमानात फरक असल्यामुळे एका वस्तूतून दुसरीत गेलेली ऊर्जा. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं, म्हणून किरकोळ वाटतं. माझं म्हणणं असं, की हा भेद ज्याला खरोखर कळला त्याला अर्धं स्वयंपाकघर, माठ, पंखा, घोंगडी, शिवाय मुंबई आणि नागपूरच्या उन्हाळ्यातला फरक, एवढं सगळं एका किल्लीने उघडतं. ज्याला कळला नाही तो सूत्रं पाठ असूनही रोज फसतो. यात बुद्धीचा दोष नाही. आपलं शरीरच या दोन गोष्टींत गल्लत करतं.

डिसेंबरच्या पहाटे स्टीलच्या ताटाला हात लाव आणि शेजारच्या लाकडी पाटाला लाव. ताट गार लागेल, पाट तितका लागणार नाही. आता दोन्हींना थर्मामीटर टेकव. रात्रभर एकाच खोलीत पडून असलेल्या या दोन वस्तूंचं तापमान सारखंच निघेल. मग हात खोटं बोलला का? नाही, पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही. तू विचारलंस तापमान. त्याने सांगितलं, की माझ्यातून उष्णता किती वेगाने निघून चालली आहे. स्टील ती झपाट्याने पुढे वाहून नेतं, लाकूड नेत नाही. यावर कोणी म्हणेल, की धातू मुळातच थंड प्रकृतीचा असतो, एवढं साधं उत्तर असताना हा खटाटोप कशाला? तर ते उत्तर उलट्या परिस्थितीत तपासून पाहावं. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतही पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा तेच ताट पाटापेक्षा जास्त गरम लागतं. धातूची प्रकृती थंड असती तर ती मे महिन्यातही थंडच राहिली असती. त्वचेचं तापमान ३३-३५ अंशांच्या आसपास असतं. वस्तू त्याखाली असेल तर धातू उष्णता चटकन काढून घेतो, वर असेल तर चटकन आत ओततो. स्पष्टीकरण खरं असेल तर त्याला परिस्थिती उलटल्यावरही टिकता आलं पाहिजे. ही कसोटी कायम हाताशी ठेव, ती पुढे आपल्याला लागणार आहे.

घोंगडीला लावून बघ. घोंगडी ऊब देते, असं आपण म्हणतो. ती खरोखर ऊब देत असती तर तिच्यात गुंडाळलेला बर्फ लवकर वितळायला हवा. प्रत्यक्षात तो जास्त टिकतो, कारण घोंगडी काही देत नाही, ती फक्त उष्णतेची वाट अडवते, मग ती आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी. हा प्रयोग इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून एक गलबत १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, यंत्राने गारवा करण्याची सोय नाही. आवरण म्हणाल तर दुहेरी फळ्या आणि त्यांच्यामध्ये ठासलेलं भरण. तरीही कलकत्त्याला सुमारे १०० टन बर्फ उतरला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. आवरणाइतकंच श्रेय बर्फाच्या स्वभावालाही आहे: शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाचं पाणी होताना ८० कॅलरी गिळतो आणि त्याचं तापमान तसूभरही वाढत नाही.

या ८० कॅलरींपाशी तुला बहुतेक अडखळायला झालं असणार. उष्णता दिली आणि तापमान वाढलं नाही, म्हणजे ती गेली कुठे? तुझ्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटलं आहे. मोठमोठी माणसंही इथे अडखळली होती, एवढं ध्यानात ठेव. तापमान दाखवणारी उपकरणं सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच युरोपात आली; पण उष्णता आणि तापमान या दोन निराळ्या राशी आहेत हे लख्खपणे मांडायला दीडशे वर्षं जावी लागली. ते काम १७६०च्या सुमारास ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी केलं. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्याला प्रयोगशाळासुद्धा लागत नाही. ते म्हणाले, बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोचल्यावर त्याला आणखी उष्णता लागत नसती, तर वसंतात हवा जराशी उबदार होताच डोंगरावरचं सगळं हिम एका दमात वितळलं असतं आणि भयंकर पूर आले असते. तसं होत नाही, हिम आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. म्हणजे वितळण्यासाठी वेगळी, भरपूर उष्णता लागतेच. मग त्यांनी ती मोजली, आणि त्यांचा आकडा आजच्या ८०च्या अगदी जवळ होता. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे अशी त्या काळची समजूत होती. ती समजूत पुढच्या शतकात मोडली, ब्लॅक यांची मोजमापं मात्र राहिली. विज्ञान सारखं बदलतं, मग त्यावर विश्वास का ठेवायचा, असं जे म्हणतात त्यांनी बदललं काय आणि टिकलं काय हे वेगवेगळं पाहावं.

आता स्वयंपाकघरात ये. उघड्या पातेल्यात बटाटे उकळत आहेत आणि घाई आहे म्हणून कोणी गॅस मोठा करतो. पाणी खळखळा उकळतं, वाफेचे लोट निघतात, आणि बटाटे लवकर शिजत आहेत असं वाटतं. ते तसे शिजत नाहीत. उकळतं पाणी मंद आचेवरही साधारण १०० अंशांवर असतं आणि मोठ्या आचेवरही तितक्यावरच. बटाट्याला कळतं ते आजूबाजूच्या पाण्याचं तापमान. तुझ्या गॅसचं बिल त्याला कळत नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० पर्यंत न्यायला ७० कॅलरी पुरतात, पण तेच पाणी वाफ व्हायला सुमारे ५४० लागतात. मोठी आच ही सगळी जास्तीची उष्णता वाफेच्या हाती देऊन खिडकीबाहेर धाडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो त्याचंही कारण हेच: एवढ्या कॅलरी ती हातावर निवताना परत करते. शिजायचा वेळ कमी करायचा तर तापमानच वाढवावं लागेल, आणि त्यासाठी दाब. कुकरमध्ये दाब हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टी व्हायला लागल्यावर मात्र आच बारीक करायलाच हवी, कारण वजन उचलून निघून गेलेली वाफ डाळीच्या काही कामाची नसते. महाबळेश्वरला याची उलटी बाजू दिसते. तिथे हवेचा दाब कमी, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यातला भात वेळ घेतो. आच कितीही वाढवा, फरक पडत नाही.

तू विचारशील, मग मोठी आच कधीच उपयोगाची नाही का? आहे, जिथे पाणी घालवणं हेच काम असतं तिथे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. शंभर किलो उसाच्या रसातून गूळ निघतो अठरा-वीस किलो. बाकीचं बहुतेक पाणी, आणि ते काहिलीतून वाफ होऊन जावं लागतं. हिशोब केलास तर रस उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहा-सात पट नुसतं पाणी उडवायला लागते, म्हणून चुलाणात चिपाडांचा मारा थांबत नाही. इतका जाळ घालूनही रसाचं तापमान बराच वेळ शंभराच्या जरासं वरच घुटमळतं. मग शेवटी पाणी संपत आलं, की वाफेकडे जाणारी वाट बंद होते, तोच जाळ आता पाक तापवायला लागतो आणि तापमान भराभर ११५च्या पुढे चढतं. तोपर्यंत निवांत असणारा गुळव्या या घटकेला काहिलीवरून नजर हलवत नाही. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. कोणी म्हणेल, बघा, त्याला भौतिकशास्त्र कुठे येतं? आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. गुळव्याला, आजीला, कुंभाराला जे ठाऊक असतं ते अस्सल ज्ञान आहे, पुष्कळदा पुस्तकाच्या आधीचं. पण ते ज्या जागी, ज्या हवेत कमावलेलं असतं तिथेच पक्कं असतं. जागा बदलली की ते गप्प होतं, आणि तिथे संकल्पना लागते.

याचं उदाहरण माठ. माती गुणानेच थंड, हे स्पष्टीकरण तू ऐकलं असशील. त्याला तीच उलटी कसोटी लाव: माठाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात दे. माती तीच राहील, पाणी मात्र गार होणार नाही, कारण छिद्रं बुजली. जुना माठ पहिल्यासारखं गार करत नाही त्याचंही कारण असंच, पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं भरत जातात. झिरपलेलं पाणी बाष्प होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं, एवढीच माठाची करामत. तिचा आकडाही काढता येतो आणि त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे गणित लागत नाही. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायचं तर १ लाख कॅलरी काढाव्या लागतील. ३० अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी नेतं. म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास, एखादा कपभर पाणी उडालं की काम झालं. (प्रत्यक्षात जास्त उडतं, कारण बाहेरची गरम हवा आत उष्णता घालतच असते.) आता जागा बदलू. नागपूरला मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंशांची पण कोरडीठाक. मुंबईत ३३-३४ अंश, पण हवा बाष्पाने भरलेली. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलंस तर तो नागपुरात २३-२५ पर्यंत उतरतो, मुंबईत २७-२८ ला अडतो, आणि माठाला यापेक्षा खाली जाता येत नाही. म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घरोघरी असतो आणि मुंबईत कोणी घेत नाही. नागपूरची आजी माठाचं गुणगान करते ते खरं, मुंबईची आजी नाक मुरडते तेही खरं. दोघींचं एकाच वेळी खरं कसं, एवढं मात्र आकड्यावाचून सांगता येत नाही.

पंख्याचंही तसंच. बंद खोलीत पंखा लावून गेलीस तर खोली गार होत नाही. उलट मोटारीने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते, त्यामुळे ती किंचित तापते. पंखा तुझा घाम उडवतो, म्हणून गार वाटतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की तोच वारा अंगात उष्णता घालू लागतो, आणि मग सगळी भिस्त घामावर, म्हणजे तू किती पाणी प्यायलीस त्यावर. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा तो यासाठी; नुसत्या विजेच्या काटकसरीसाठी नव्हे.

राहिला परीक्षेचा मुद्दा. एवढा विचार करत बसले तर अभ्यासक्रम संपायचा कसा, असं तुला वाटेल. वेळ लागतो हे खरं. पण अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता, दवबिंदू हे त्या प्रकरणाचे सगळे भाग याच एका भेदाच्या फांद्या आहेत; तो पक्का असेल तर त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आणि गणितात वितळण्याच्या कॅलरी धरायला विसरण्याची नेहमीची चूकही होत नाही. दिवाळीतली फुलबाजी घे. तिची ठिणगी हजार अंशांच्या वर असते आणि हातावर पडली तरी बहुधा भाजत नाही; कपातला ८० अंशांचा चहा चमचाभर सांडला तर भाजतो. ठिणगी एक मिलिग्रॅम लोखंडाची धर, चहा पाच ग्रॅम धर, लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.११ घे, आणि दोन्हींनी हाताला किती कॅलरी दिल्या ते काढ. तार मात्र हातात धरायची नाही, तिचं वस्तुमान ठिणगीएवढं नसतं.

आणखी एक प्रश्न तुझ्यासाठी ठेवतो. बंद खोलीत फ्रिजचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं, तर संध्याकाळी खोली गार झालेली असेल की गरम? उत्तर गाइडात शोधू नकोस. फ्रिजच्या मागे हात नेऊन बघ, विचार कर, आणि कारणांसह लिहून पाठव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा