लेसरचा दम का गेला?



लहानपणी आपण भिंगाने कागद जाळला असेल. दुपारच्या उन्हात भिंग धरायचे आणि वरखाली करायचे. उजेडाचा ठिपका अगदी बारीक झाला की कागदातून धूर निघतो. ठिपका पसरला की नुसता उजेड पडतो. कागद जळत नाही.

लाकडावर नावे कोरणारे लेसरचे यंत्र याच रीतीने चालते. फरक इतकाच, की यंत्र आपला उजेड आपणच तयार करते. पहिला लेसर मेमन नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९६० साली चालवून दाखवला. १९६४ साली कुमार पटेल यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. हे पटेल आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. लाकूड आणि ॲक्रिलिक कापायला हा नळीचा लेसर आजही वापरतात. घरगुती छोट्या यंत्रात मात्र बहुधा निळ्या उजेडाचा डायोड लेसर असतो. अशाच एका यंत्राची ही हकीकत आहे.

माझी भाची लातूरला राहते. बचत गटाचे कर्ज काढून तिने हे यंत्र घेतले. दारावरच्या पाट्या आणि शाळांची स्मृतिचिन्हे ती करते. एके दिवशी तिचा मला नांदेडला फोन आला.

"मामा, लेसरचा दम गेलाय. अक्षरं नुसती पिवळी उमटायलीत. शाळेची चाळीस स्मृतिचिन्हं परवा द्यायचीत. दुकानदार म्हणतो, लेसर हेड बदला. इतके हजार कुठून आणू? गटाचा हप्ता कसा भरू?"

मी म्हणालो, "पोरी, आधी काही विकत घेऊ नकोस. तू वही ठेवली आहेस ना?"

"ठेवलीय की."

"मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मी लातूर गाठले. मी काही मेकॅनिक नव्हे. पण जन्मभर मुलांची गणिते तपासली. उत्तर चुकले म्हणून कोणी वही फाडत नाही. पहिल्या ओळीपासून एकेक पायरी पाहतो. आम्ही तेच केले.

पहिली पायरी, लाकूड. यंत्र आणले त्या दिवशी भाचीने एका फळीवर दहा चौकोन जाळले होते. पहिला दहा टक्के जोराचा, शेवटचा शंभर टक्क्यांचा. फळीच्या मागे तारीख आणि वेग लिहिला होता. त्याच फळीच्या तुकड्यावर आम्ही पुन्हा दहा चौकोन जाळले. सगळे फिके आले. म्हणजे दोष नव्या लाकडाचा नव्हता. कधी कधी तोही असतो. प्लायवूडमधला डिंक वेगळा असला, तर तेच यंत्र कमी जाळते.

दुसरी पायरी, आकडे. वेग दुप्पट झाला की प्रत्येक जागेला निम्माच वेळ उजेड मिळतो. आणखी एक गंमत असते. संगणकात पूर्ण जोराचा आकडा २५५ आणि यंत्रात १००० असला, तर पूर्ण जोर मागूनही चौथा हिस्साच मिळतो. मागणाऱ्याचे माप शेराचे आणि देणाऱ्याचे पायलीचे, असा तो प्रकार. दोन्हीकडे एकच आकडा हवा. आम्ही वहीशी ताडून पाहिले. आकडे बरोबर होते.

तिसरी पायरी, अंतर. भिंगाची गोष्ट आठवा. यंत्राबरोबर अंतर मोजायचा एक ठोकळा मिळतो. तो लाकूड आणि हेड यांच्यामध्ये ठेवून पाहिला. अंतर ठीक होते.

चौथी पायरी, उष्णता. डायोड तापला की त्याचा उजेड घटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. त्यात हेडचा पंखा धुळीने भरला, तर काम आधी गडद आणि मग फिके होत जाते. इथे पहिल्या मिनिटापासूनच फिके होते. म्हणजे हेही कारण नव्हे.

पाचवी पायरी, वीज. अडॅप्टरची पिन सैल आहे का ते पाहिले. अडॅप्टरवर २४ व्होल्ट लिहिले होते. ओळखीच्या वायरमनने मीटर लावून मोजले. तेवढेच भरले.

सहावी पायरी, काच. यंत्राचा प्लग काढला. हेड थंड होऊ दिले. मग खालची काच काढून उजेडात धरली. बघतो तर कंदिलाच्या काचेसारखी काजळी! भाचीने महिनाभर प्लायवूड कापले होते. धूर बाहेर जायला वाट नव्हती. शेजारी डाळमिल असल्यामुळे घरात भुशाची धूळही येत असे. काजळी उजेड अडवते आणि स्वतः तापून काच जाळते.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून थोडे आयपीए आणले. कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन काच हलक्या हाताने पुसली. घासली नाही, पदराने तर मुळीच पुसली नाही. पूर्ण वाळल्यावरच बसवली. पुन्हा दहा चौकोन जाळले. जवळजवळ पहिल्यासारखे काळे आले! काचेवर एक जळका डाग मात्र राहिला. पुढे तेवढी काच थोड्या पैशांत नवी आणली. हेड जुनेच आहे. चाळीस स्मृतिचिन्हे वेळेवर गेली आणि हप्ताही भरला गेला.

भाची म्हणाली, "मामा, वही नसती तर मी हेडच बदललं असतं."

डायोड कधी थकतच नाही असे नाही. या सहाही पायऱ्या ठीक असून चौकोन फिकेच आले, तरच नव्या हेडचा विचार करावा.

हे विसरू नका

१. लेसर चालू असताना त्या रंगाच्या किरणासाठी बनवलेला चष्मा लावा. उन्हाचा काळा गॉगल चालत नाही.
२. यंत्र चालू ठेवून उठून जाऊ नका. आग लागू शकते.
३. नळीच्या लेसरचा वीजपुरवठा हजारो व्होल्टचा असतो. तो उघडू नका. जाणकाराला बोलवा.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला. काय बदलले ते तारखेसह लिहा.

प्रश्न

१. भिंग वरखाली केल्याने ठिपक्यात काय फरक पडतो?
२. काम आधी गडद आणि मग फिके होत गेले, तर आधी काय तपासाल?
३. तुमच्या घरी शिलाई मशीन किंवा पाण्याची मोटर असेल. तिच्यासाठी एक वही करा. पहिल्या पानावर आजची तारीख आणि ती आज कशी चालते ते लिहा.