तुलना शेवटी

पुणे

चि. मुक्ता हिस,


तुझ्या संशोधनाचा मसुदा वाचला. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमधल्या हिस्पॅनिक मुलामुलींना आपल्या वस्तीविषयी किती आपलेपणा वाटतो, हे तुला मोजायचंय. विषय छान आहे. पण पहिल्याच पानावर ‘डोमिनिकन व पेरूच्या मुलांची तुलना’ असं लिहून तू मोकळी झालीस, तिथे मी अडले. उभी हयात संख्याशास्त्र शिकवलं, त्या हक्काने सांगते : तुलना शेवटी. आधी हातातलं माप या मुलांना लागू पडतं का, ते पाहा.

वस्तीविषयीच्या आपलेपणाची ही कल्पना सेमूर सॅरासन यांनी १९७४ मध्ये मांडली. १९८६ मध्ये मॅकमिलन आणि चॅव्हिस यांनी तिचे चार पदर सांगितले : आपण इथले आहोत ही भावना, आपल्या शब्दाला असलेलं वजन, गरजा भागणं आणि मनाची जवळीक. तू घेतलेली पीटरसन, स्पीअर व मॅकमिलन यांची २००८ ची छोटी श्रेणी याच चौकटीवर उभी आहे. विधानं आठच, प्रत्येक पदराला दोन. म्हणजे एक विधान जरी मुलांना नीट कळलं नाही, तरी तो अख्खा पदर लंगडा पडतो.

मला काळजी आहे ती शब्दाच्या वजनाची. ‘वस्तीत जे चालतं त्यात माझं म्हणणं विचारात घेतलं जातं’, अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. समज, चौदा वर्षांची एक मुलगी आहे. आईला इंग्रजी येत नाही म्हणून दवाखान्यात डॉक्टरांशी हीच बोलते, घरी आलेलं सरकारी पत्र हीच वाचून दाखवते. घरात तिच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. वस्तीच्या सभेत मात्र तिला कोण विचारणार? मताचा अधिकारही नाही. तिने कमी गुण दिले, तर ते तिच्या वयामुळे, तिच्या वस्तीमुळे की ती हिस्पॅनिक आहे म्हणून? आकडा यातलं काहीच सांगणार नाही. म्हणून दहा-बारा मुलांना समोर बसवून एकेक विधान वाचून घे आणि विचार, ‘हे वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण आलं?’ कुणी मार्केट स्ट्रीटवरच्या पेरूच्या खाणावळी सांगेल, कुणी चर्च, कुणी फुटबॉलचा संघ, कुणी फक्त आपल्या इमारतीतला मजला. प्रत्येकाची वस्ती वेगळी निघाली, तर बेरीज कशाची करणार?

दुसरी गोष्ट उत्तर देण्याच्या सवयीची. या श्रेणीच्या आधी वापरात असलेल्या बारा विधानांच्या सूचीत काही वाक्यं नकारार्थी होती आणि त्यांनी घटक विश्लेषणात गोंधळ घातला. म्हणून नव्या श्रेणीत सगळी विधानं होकारार्थी ठेवली. एक दुखणं गेलं, पण दुसरं आलं : ज्याला सगळ्यालाच ‘हो’ म्हणायची सवय, त्याचा आपलेपणा आपोआप वाढलेला दिसतो. सवय आणखी एका प्रकारचीही असते : हुई आणि ट्रायँडिस यांना १९८९ मध्ये आढळलं, की पाच पायऱ्यांच्या प्रश्नांत हिस्पॅनिक उत्तरदाते टोकाचे पर्याय जास्त निवडतात. दहा पायऱ्या दिल्या की हा फरक उरत नाही. ते उत्तरदाते प्रौढ होते, पण इशारा तुलाही लागू आहे. पूर्वचाचणीत पाच आणि दहा पायऱ्या, दोन्ही वापरून बघ.

‘हिस्पॅनिक’ या एका चौकटीत अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक माणसं मोजली गेली. पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांच्याच शेजारच्या दुसऱ्या एखाद्या घरात आई-वडिलांकडे कागदपत्रं नसू शकतात. ‘मी इथला आहे’ या विधानापुढे खूण करताना या दोन घरांतल्या मुलांच्या मनात एकच गोष्ट असेल, हे गृहीत धरू नकोस. देशागणिक गट, मुलगे-मुली, इंग्रजी प्रत-स्पॅनिश प्रत, सगळीकडे मापन-समतुल्यता, म्हणजे श्रेणी प्रत्येक गटात एकच गोष्ट मोजते का, ते तपास. विधानांचे भार आणि छेद जुळल्याशिवाय सरासऱ्या शेजारी मांडायच्या नाहीत. अल्फा ०.९ आला म्हणून हुरळून जाऊ नकोस. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच त्यातून कळतं. ती काय मोजतात, हे कळत नाही.

आणि कमी गुण म्हणजे बिघाड, असा निष्कर्ष घाईने काढू नकोस. अॅन ब्रॉडस्की यांनी १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या धोक्याच्या वस्त्यांतल्या, एकटीने मुलं वाढवणाऱ्या आयांचा अभ्यास मांडला. वस्तीपासून जाणूनबुजून अंतर राखणं हीच त्यांची मुलांना सांभाळायची रीत होती. तुझ्या एखाद्या मुलाने ‘जवळीक नाही’ असं लिहिलं, तर त्यामागे शहाणपणही असू शकतं. वस्तीबरोबर शाळा आणि घर यांविषयीही वेगळं विचार, म्हणजे मुलाने जीव कुठे लावलाय ते दिसेल.

मार्गदर्शकांना तक्त्याची घाई असेल, त्यांची नाराजी थोडी सोस. पुढच्या वेळी मला सरासऱ्या पाठवू नकोस. मुलं कोणत्या विधानाशी थबकली आणि तिथे काय म्हणाली, ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. त्यावरून कोणतं विधान ठेवायचं आणि कोणतं काढायचं, ते आपण बसून ठरवू.

तब्येतीला जप. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
आत्या