विड्रॉलचा ओटीपी येत नाही? ‘रीसेंड’ दाबण्याआधी हे बघा

क्रिप्टो एक्स्चेंजवर विड्रॉल टाकला आणि ओटीपी आला नाही, की माणसाचं बोट आपोआप ‘रीसेंड’कडे जातं. नेमकं तेच आधी थांबवा. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की जुना बाद होतो. मालेगाव-रिसोडकडच्या एखाद्या खेड्यात रेंजची एकच कांडी असेल, तर तीनदा मागितलेले तीन मेसेज अर्ध्या तासाने एकदम येऊन पडतात. आपण घाईत भलताच कोड टाकतो. तो चार-पाचदा चुकला की खातं काही तासांसाठी अडवलं जातं. तेव्हा एकदा मागा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

तेवढ्या वेळात एक साधी परीक्षा होते. घरातल्या दुसऱ्या फोनवरून तुमच्या नंबरला साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप नको, कारण ते वायफायवरही चालतं. ओटीपीचा एसएमएस सिमच्या नेटवर्कवरून येतो. म्हणून ‘नेट तर जोरात आहे’ या म्हणण्याला इथे अर्थ नाही. साधा एसएमएस आला तर तुमचं सिम ठीक आहे, शोध पुढे करायचा. नाही आला तर घोळ फोन, सिम किंवा रिचार्जचा आहे.

आधी फोनचं बघू. फ्लाइट मोड पंधरा सेकंद चालू करून बंद करा, म्हणजे सिम टॉवरला नव्याने जोडलं जातं. गावातली वीज बराच वेळ गेलेली असेल तर टॉवरही ढेपाळतो. मग फाट्यावर जाऊन बघणं जास्त सोपं. दोन सिम असतील तर एक्स्चेंजला नंबर कोणता दिलाय ते आठवा. बऱ्याचदा तो नंबर दुसऱ्या स्लॉटमधल्या, रिचार्ज संपलेल्या सिमचा निघतो. आउटगोइंग बंद झाल्यावर काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं, हे अनेकांना ओटीपी अडल्यावरच कळतं. नंबर फार दिवस बंद राहिला तर कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, आणि मग तुमचा ओटीपी कुणा परक्याच्या फोनवर वाजतो. असं झालं असेल तर एक्स्चेंजमध्ये केवायसी करून नंबर बदलण्याशिवाय इलाज नाही.

साधा मेसेज येतो पण ओटीपी येत नाही, असं असेल तर मेसेजच्या अ‍ॅपमधलं ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ उघडा. कंपन्यांचे मेसेज कंटाळून ब्लॉक केलेले असतात, त्यात हाही जातो. ईमेलचं स्पॅमही बघा, कारण विड्रॉलसाठी अनेक एक्स्चेंज मोबाइलवर एक आणि मेलवर एक असे दोन कोड पाठवतात. ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल तर तिथे मेसेज येतच नाही. कोड फोनमध्येच दर तीस सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावर चालतो. फोनची वेळ दोन-तीन मिनिटं पुढेमागे असली तरी प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

कधी दोष आपला नसतोच. 8 मार्च 2021 रोजी मोबाइल कंपन्यांनी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानुसार व्यावसायिक मेसेजची नवी गाळणी लावली. ज्यांचे मेसेजचे नमुने नोंदवलेले नव्हते त्यांचे मेसेज अडले, आणि बँकांपासून आधारपर्यंतचे ओटीपी देशभर खोळंबले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती गाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. आजही मेसेज त्याच गाळणीतून येतात. 2025 पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एस, टी, पी, जी यांपैकी एक अक्षरही असतं. जाहिरातीला पी, सरकारी मेसेजला जी. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून ‘ओटीपी’ आला तर त्यावर भरवसा ठेवू नका.

सिम नुकतंच बदललं असेल तर मात्र धीर धरा. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवतात. पासवर्ड बदलल्यावर अनेक एक्स्चेंजही साधारण दिवसभर विड्रॉल अडवतात. दोन्ही कुलपं चोरासाठी आहेत, त्यामुळे त्यांच्यावर चिडण्यात हशील नाही.

तुम्ही सिम बदललं नाही, तरी फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ आलं, आणि शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र पूर्ण रेंज आहे, तर क्षणभरही थांबू नका. कुणीतरी तुमच्या नावाचं सिम किंवा ई-सिम काढलेलं असू शकतं. त्याच शेजाऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून नंबर बंद करा, बँकेला सांगून खातं थांबवा, एक्स्चेंजचं खातं गोठवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. एकदा दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेलेली क्रिप्टो बँकेच्या व्यवहारासारखी माघारी फिरवता येत नाही.

फोन, सिम, मेल सगळं ठीक आहे, तरीही विड्रॉल होत नाही? मग एक्स्चेंजकडेच बघा. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्सवर हल्ला होऊन सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो गेली, आणि लोकांचे विड्रॉल अडकले. तिथला व्यवहार ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा वेळी ओटीपी येऊनही उपयोग नसतो. कंपनीच्या अधिकृत सूचना वाचा, गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. तिथे भेटणारा भला माणूस ‘एनीडेस्क टाका, ओटीपी आणून देतो’ म्हणतो. एकदा का तुमची स्क्रीन त्याला दिसली, की येणारा प्रत्येक ओटीपी त्याला तुमच्याइतकाच वाचता येतो.

सगळ्यात वाईट प्रकार टेलिग्रामच्या ग्रुपमधून घ्यायला लावलेल्या अ‍ॅपचा. त्यात पैसे वाढलेले दिसतात, विड्रॉल टाकला की ओटीपी येत नाही, आणि मग निरोप येतो: आधी तीस टक्के टॅक्स भरा, कोड सुटेल. इथे कायदा नीट समजून घ्या. क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर 1 एप्रिल 2022 पासून आहे खरा, पण तो तुम्ही आयकर खात्याकडे भरता, अ‍ॅपच्या माणसाच्या यूपीआयवर नव्हे. 1 जुलै 2022 पासूनचा एक टक्का टीडीएस भारतीय एक्स्चेंज विक्रीच्या वेळीच कापून घेतं. विड्रॉल सोडवण्यासाठी वरून पैसे मागणाऱ्याकडे तुमचे पैसे उरलेलेच नसतात. एक रुपयाही पुढे घालू नका.

1930 वर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना बँकेचा यूटीआर नंबर, समोरच्याचा वॉलेट पत्ता, ट्रान्झॅक्शन हॅश आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. मग तोच तक्रार क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे किंवा जवळच्या ठाण्यात जा. अ‍ॅप रागाच्या भरात काढून टाकू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. त्या गप्पा हाच पुरावा असतो.