दृष्टिभय आणि वाटेची निवड

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या बोलीत ‘दृष्टिभय’ हा शब्द रूढ आहे, आणि त्याचा वापर लक्ष देऊन ऐकल्यास असे आढळते की तो माणसाला फारसा लावला जात नाही, वाटेला लावला जातो. अमुक आडव्या वाटेला दृष्टिभय आहे, तमुक कातळटप्पा चढायला सोपा पण दृष्टिभय असलेला आहे, असे म्हणतात. वाटेच्या एका किंवा दोन्ही अंगांना दरी उघडी असणे आणि पाऊल टाकताना ती नजरेत येत राहणे, असा त्याचा अर्थ. मानसशास्त्रातील उंचीभय ही माणसाची अवस्था आहे, तर दृष्टिभय हा जागेचा गुण आहे. उंचीची धास्ती वाटणाऱ्याने हा भेद ओळखला, तर डोंगर सोडून देण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. फक्त वाटा पारखून घ्याव्या लागतात.

या पारखीत समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा उपयोग जवळजवळ नाही. कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर; पण बारी गावातून जाणाऱ्या वाटेवरचे लोखंडी शिड्यांचे टप्पे वगळले, तर तिथे दमछाक अधिक आणि भय कमी. त्याहून कितीतरी बुटका असलेला त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर मात्र धास्तावलेल्या माणसाची कसोटी पाहतो. याचे कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा प्रदेश तयार झाला. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे बनले आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार, पदर व माच्या झाल्या. त्यामुळे येथील चढण एकसारखी नसते. तास-दोन तास निर्धास्त चालल्यावर शेवटच्या शे-दीडशे फुटांत एकदम कातळ उभा राहतो, आणि गडाची अवघड जागा बहुधा तेथेच, म्हणजे माणूस दमलेला असताना आणि परतायला मन घेत नसताना समोर येते.

भीतीची शारीरिक बाजूही समजून घेण्यासारखी आहे. शरीराचा तोल तीन स्रोतांवर सांभाळला जातो: डोळे, अंतर्कर्णातील तोलेंद्रिय आणि स्नायू-सांध्यांकडून मिळणारी जाणीव. स्थिर उभा असलेला माणूसही किंचित झुलत असतो; जवळच्या वस्तू त्या झुलण्याबरोबर सरकल्यासारख्या दिसतात आणि मेंदू त्यावरून तोल सावरतो. कड्यावर जवळची वस्तूच उरत नाही, दूरच्या दरीत हे सरकणे जाणवत नाही, आणि डोळ्यांची साक्ष लंगडी पडून झुलणे वाढते. म्हणजे कड्यावर डगमगल्यासारखे वाटणे हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे, आणि ‘घाबरू नकोस’ या उपदेशाने ते थांबत नाही. हात खडकाला लावणे, खाली बसणे, नजर दोन हातांवरच्या दगडावर ठेवणे यांचा उपयोग होतो, कारण त्यांनी गेलेली साक्ष परत मिळते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक पोटावर झोपून दरी पाहतात, त्या रिवाजातही हेच शहाणपण आहे. सपाट जमिनीवरही भोवळ येत असेल, तर मात्र तो अंतर्कर्णाचा आजार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरच गाठावा.

हे सारे प्रस्तुत लेखकास हरिहरवर उशिरा कळले. या गडाच्या खड्या पायऱ्या कातळात खोदलेल्या असून हातांना आधार मिळावा म्हणून त्यांत खोबण्या आहेत. रुंदी मात्र एका वेळी एकच माणूस सुखाने चढेल इतकी, आणि चढणारे व उतरणारे यांना तोच जिना. चढताना लेखकाचे तोंड कातळाकडे होते, नजर पुढच्या खोबणीवर होती आणि मागे रांग असल्याने विचाराला सवड नव्हती, त्यामुळे दरवाजा गाठेपर्यंत आपली धास्ती गेली असा त्याचा समज झाला. उतरताना पहिल्याच पायरीवर हा समज खोटा ठरला. खालची पायरी दिसेना, तिच्या जागी थेट पायथ्याचे रान दिसू लागले, पोटऱ्या थरथरू लागल्या आणि सुमारे पाऊण तास तो दरवाजाच्या उंबऱ्याशी बसून राहिला. वरच्यांचा खोळंबा झाला तो वेगळाच. अखेर एका सोबत्याने एक पायरी खाली राहून त्याची टाच हाताने एकेका पायरीवर टेकवली आणि शिडी उतरावी तसे कातळाकडे तोंड करून त्याला खाली आणले. कोणाला इजा झाली नाही. पण एकाची भीती त्या अरुंद जिन्यावर सगळ्यांचा धोका बनते, ही गोष्ट लेखक विसरलेला नाही.

तेव्हा वाट निवडायची ती उतरण डोळ्यांसमोर ठेवून. चढताना डोळ्यांना जवळचा खडक मिळतो, उतरताना पावलापलीकडे दरीच मिळते. म्हणून जी वाट उतरण्याची कल्पना करवत नाही ती चढू नये, किंवा उतरायला दुसरी वाट असेल तरच चढावी.

सुदैवाने सह्याद्रीत एकाच ठिकाणी जाणाऱ्या निरनिराळ्या स्वभावाच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि गडाचे नाव ठरवण्यापेक्षा वाटेचे नाव ठरवणे अधिक महत्त्वाचे ते यामुळेच. राजगडाला गुंजवण्याकडून चोरदरवाजाने जाणारी वाट शेवटी रेलिंगला धरून कातळावरून चढते, तर पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि प्रशस्त आहे. बालेकिल्ल्याची चढण मात्र खडी आहे, ती सोडून पद्मावती आणि संजीवनी माच्या पाहिल्या तरी दिवस पुरत नाही. भीमाशंकरला खांडसहून शिडीघाटाने गेल्यास दरीवरच्या कातळाला टेकवलेल्या शिड्या लागतात. गणेशघाट लांबचा, पण सौम्य. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जावे, तोलारखिंडीचा कातळटप्पा टाळता येतो, आणि बेलपाड्याहून चढणाऱ्या नळीच्या वाटेचे तर धास्तावलेल्यांनी नावही काढू नये. अलंग, मदन आणि लिंगाणा हे दोराचे गड असल्याने येथे गैरलागू. धास्तावलेल्यांसाठी लेखकाची सर्वांत आवडती वाट नाणेघाटाची आहे, कारण ती जुनी व्यापारी वाट असून लादलेल्या माणसा-जनावरांना झेपेल अशी दगडी फरसबंदी तिला केलेली होती. झाडीतून चढत ती सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असलेल्या लेण्यापाशी पोहोचते. माथ्यावर ‘नानाचा अंगठा’ या कड्याच्या टोकाशी जाणे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर.

अपरिचित वाटेविषयी चौकशी करताना ‘सोपी’ आणि ‘अवघड’ हे शब्द बाजूला ठेवावेत, कारण त्यांत दम आणि कौशल्य मोजलेले असते, दरी मोजलेली नसते. शिवाय त्या डोंगरात वाढलेल्या गावकऱ्याला सगळेच सोपे. त्याऐवजी या वाटेने गुरे जातात का, मोळी घेऊन बायका उतरतात का, असे विचारावे. ढोरवाट ही जवळजवळ नेहमी निर्धास्त असते. पुढे आडवी वाट लागते का, ती किती पावलांची, दरी एका अंगाला की दोन्ही, घसारा आहे का, म्हणजे पायाखाली सुटा मुरूम सरकतो का, आणि मध्ये बसण्याइतकी जागा आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे. त्यांत शेवटचा सर्वांत महत्त्वाचा.

ऋतूने वाटेचा स्वभाव बदलतो, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात धुके दरी झाकते आणि भित्रा माणूस नकळत अवघड जागी पोहोचतो. मग धुके फाटते, पायाखाली शेवाळ असते आणि उतरायचे असते. वाटेच्या कडेची कारवी हा नजरेला मोठा आडोसा, पण ती साधारण सात वर्षांनी फुलून वाळते, तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी नेल्या जातात आणि गेल्या खेपेला झाकलेला उतार या खेपेला उघडा सापडू शकतो.

सवयीने भीती कमी होते हे खरे. मानसोपचारात क्रमाक्रमाने भीतीला सामोरे जाण्याची पद्धत प्रस्थापित आहे, परंतु तिचा गाभा असा की भीती वाढली की त्याच जागी सुरक्षितपणे थांबायचे आणि ती ओसरू द्यायची. लोहगडाच्या रुंद पायऱ्यांवर हे जमते, त्याच गडाच्या विंचूकाटा माचीकडे हवे तेवढेच जाऊन वळता येते. हरिहरच्या जिन्यावर थांबताही येत नाही आणि वळताही येत नाही, म्हणून तो सरावाची जागा नव्हे. तुकडीबरोबर जाणाऱ्याने आपली धास्ती निघण्यापूर्वीच म्होरक्याला सांगावी आणि शेवटी न राहता त्याच्या पाठोपाठ चालावे. थांबायचे की पुढे जायचे हा निर्णय जिन्याच्या मध्यावर घेता येत नाही, तो त्याआधीच्या सपाटीवर घ्यावा लागतो. दुसऱ्या खेपेस लेखक हरिहरच्या पायऱ्यांखालीच सोबत्यांच्या पाठपिशव्या राखत बसला. तेथून वर जाणारी माणसांची रांग स्पष्ट दिसत होती आणि नुसती ती पाहतानाही त्याच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या.