पाच जणांचा मास्तर

चि. बाळ्यास,


कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून तुला घेतल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात काळजी होती. ती असणारच. तुझाही मेसेज आला. हेड कोच व्हायला साधारण किती वर्षं लागतात, असं तू विचारलं आहेस. तुझा हा प्रश्नच मला नीट बसत नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितो आहे.

एनएफएलमध्ये संघ 32. म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही 32च. एकेका संघात असिस्टंट कोच वीस-पंचवीस. त्यांच्या खाली कॉलेजांमधले हजारो, आणि त्यांच्याही खाली आता तू. हे आकडे तुला घाबरवायला लिहिलेले नाहीत. या पेशातली बहुतेक माणसं आयुष्यभर असिस्टंटच राहतात, आणि त्यातली कित्येक आपल्या कामात इतकी तयार होतात की त्यांना हेड कोच न झालेला माणूस म्हणणं अन्यायाचं ठरेल. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मुख्याध्यापक न झालेला शिक्षक अपुरा असतो, असं मला कधीच वाटलं नाही.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये राहून मी पेट्रियट्स संघाचा खेळ बघत आलो. लोक क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीकडे बघायचे, हेड कोच बेलिचिककडे बघायचे. मी हळूहळू लाइनकडे बघायला शिकलो, आणि लाइनमागे उभ्या असलेल्या डांटे स्कार्नेकियाकडे. तू त्याचं आयुष्य नीट समजून घे. 1970 साली कॅलिफोर्नियातल्या एका लहान कॉलेजात त्याने कोचिंग सुरू केलं. 1982 मध्ये तो पेट्रियट्सकडे आला. तेव्हा हेड कोच होता रॉन मेयर. त्याला काढलं, रेमंड बेरी आला, स्कार्नेकिया राहिला. पुढे दोन मोसम तो इंडियानापोलिसला गेला, त्याच मेयरच्या हाताखाली. 1991 मध्ये परत आला, आणि मग मॅकफर्सन, पार्सेल्स, कॅरल, बेलिचिक असे हेड कोच बदलत गेले तरी हा जागेवरच. प्रत्येक नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांना निरोप देतो, ही या पेशाची रीतच आहे. त्या रीतीतही प्रत्येकाने त्याला ठेवून घेतलं, कारण त्याच्या हाताखालचा खेळाडू सुधारतो हे उघड दिसत होतं. पेट्रियट्सबरोबर त्याचे एकूण 34 मोसम झाले. 1992 मध्ये मॅकफर्सन आजारी पडले तेव्हा त्याने काही काळ हेड कोचचं काम सांभाळलं, आणि ते झाल्यावर तो आपल्या कामावर परतला.

त्याचं मुख्य काम काय होतं? पाच माणसं शिकवायची. एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. चेंडू स्नॅप झाला की क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळतील की नाही, हे या पाचांवर ठरतं. मागे सरकताना टॅकलचं पहिलं पाऊल काही इंच जास्त बाहेर पडलं की आतली बाजू उघडी पडते. गार्डचे हात समोरच्याच्या छातीवर पडण्याऐवजी खांद्याबाहेर गेले की पंच होल्डिंग देतात. प्रेक्षकांना दिसतो तो फक्त जमिनीवर पडलेला क्वार्टरबॅक. लाइनमधल्या माणसाच्या चांगल्या कामाचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नसतो, मग त्याला शिकवणाऱ्याचा कुठून असणार?

स्टीवन नीलची गोष्ट तुला माहीत नसेल. तो मुळात पैलवान. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या कॉलेजात दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला. 1999 च्या अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं आणि त्याच वर्षी जागतिक विजेतेपदही मिळवलं. कॉलेजात तो फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. 2001 मध्ये पेट्रियट्सनी त्याला घेतलं आणि गार्ड म्हणून घडवायला स्कार्नेकियाकडे दिलं. कंबर खाली ठेवणं, तोल, हातांची झटापट या गोष्टी त्याच्या अंगात होत्याच. पण कुस्तीत समोरचा एकच असतो आणि त्याला सोडायचं नसतं. लाइनमध्ये दोन बचावपटू एकमेकांच्या मागून फेर घेऊन जागा बदलतात, तेव्हा हातातला गडी शेजारच्याकडे सोपवायचा असतो आणि त्याचा आपण घ्यायचा असतो. आयुष्यभर धरून ठेवायला शिकलेल्या माणसाला वेळेवर सोडायला शिकवायचं, हे किती अवघड असेल याचा विचार कर. काही वर्षांत नील सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा पक्का गार्ड झाला. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जसा एकेक पोर अंगाचा कल बघून घडवतो, तसंच हे काम, आणि मला ते फार मोठं वाटतं.

2013 च्या मोसमानंतर स्कार्नेकिया निवृत्त झाला. दोन वर्षांनी डेन्व्हरमध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ब्रेडी पुन्हा पुन्हा आडवा होताना मी पाहिला. पेट्रियट्स 18-20 ने हरले. त्या वर्षी लाइनमधले बरेच खेळाडू जखमीही होते, त्यामुळे सगळा दोष शिकवण्याला देता येणार नाही. पण संघाने त्याला परत बोलावलं आणि साठी उलटलेला तो माणूस परत आला. त्याच मोसमात सुपर बोल जिंकला, 2018 च्या मोसमात आणखी एक. त्या 2018 च्या लाइनचा सेंटर डेव्हिड अँड्रूज ड्राफ्टमध्ये कुणीच निवडला नव्हता. डावा टॅकल ट्रेंट ब्राऊन सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतला. प्लेऑफच्या तीन सामन्यांत मिळून ब्रेडीवर एकच सॅक झाला. त्यानंतर रेडर्सनी ब्राऊनला चार वर्षांसाठी 6 कोटी 60 लाख डॉलरचा करार दिला. शिकणारा श्रीमंत होऊन दुसऱ्या गावी जातो आणि शिकवणारा पुढच्या पोराचं पहिलं पाऊल तपासत राहतो. हे तुला मनापासून चालणार असेल, तरच या वाटेला जा.

आता तुझ्या पहिल्या वर्षाबद्दल. तुला मैदानावर फार कुणी विचारणार नाही. फिल्म कापणं, प्रत्येक प्लेची नोंद करणं, सरावासाठी कार्डं काढणं, हेच असेल. कितवा डाऊन, किती यार्ड हवेत, रचना कोणती, धाव की पास. बिल बेलिचिकने 1975 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला 25 डॉलरवर हेच काम केलं. त्याचे वडील स्टीव्ह नौदल अकादमीच्या संघाचे असिस्टंट कोच होते. प्रतिस्पर्ध्याचा खेळ कसा वाचावा यावर त्यांनी 1962 मध्ये पुस्तक लिहिलं होतं, आणि मुलगा लहानपणापासून त्यांच्याशेजारी बसून फिल्म बघत होता. एकच प्ले बावीस वेळा, दर वेळी एका वेगळ्या माणसावर नजर ठेवून बघायची चिकाटी तुझ्यात आली, तर हे काम हलकं आहे असं तुला पुन्हा वाटणार नाही.

आठवडा कसा जातो तेही मनात पक्कं कर. एनएफएलमध्ये रविवारी सामना, सोमवारी त्याची चिरफाड. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते आणि कोच रात्री उशिरापर्यंत पुढचा आराखडा मांडत बसतात. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे डाव, गुरुवारी तिसऱ्याचे, शुक्रवारी गोल रेषेजवळचे. कॉलेजात वार बदलतील, तास नाही बदलणार. शिवाय नोकरीची हमी नाही. मोसम संपल्याच्या सोमवारी हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर असिस्टंटही जातात, मग त्यांच्या पाच जणांनी कितीही चांगलं काम केलेलं असो. मुलांच्या शाळा बदलतात, बायकोची नोकरी सुटते. लग्नाचा विषय निघेल तेव्हा हे सगळं त्या मुलीला आधी सांग, नंतर नाही. घर घ्यायची घाई करू नकोस. एक वर्षाचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवी गाडीही नको.

संघ सोडताना कुणाशीही वाकडं बोलून निघू नकोस. स्कार्नेकिया मेयरकडे गेला ते जुन्या ओळखीवर. सीनियर बोलसाठी अलाबामातल्या मोबील शहरात दर हिवाळ्यात सगळे कोच जमतात आणि कितीतरी नोकऱ्या तिथल्या गप्पांमधून लागतात. बिल वॉल्शने 1987 मध्ये अल्पसंख्याक समाजांतल्या कोचांसाठी एक फेलोशिप सुरू केली. ते लोक संघांच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये प्रत्यक्ष काम करतात. वेळ आली की तिथे अर्ज कर. आपल्यासारखं नाव या मैदानांवर कमी ऐकू येतं, त्याचा संकोच बाळगायचं काही कारण नाही.

हेड कोचची खुर्ची कधी आलीच समोर, तर डिक लबोकडे बघ. खेळाडू म्हणून 62 इंटरसेप्शन, कोच म्हणून झोन ब्लिट्झसारखी रचना, आणि बेंगल्सचा हेड कोच म्हणून 12 विजय, 33 पराभव. तिथून काढल्यावर तो पुन्हा असिस्टंट झाला, पिट्सबर्गचा बचाव त्याने बांधला आणि दोन सुपर बोल जिंकले. खाली उतरलो असं त्याने मनाला लावून घेतलं असतं, तर त्याची ती सगळी वर्षं वाया गेली असती. हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड खेळाडू म्हणून झाली. माझ्या मते त्याचं शिकवणं तितकंच थोर होतं.

पोरांशी खोटं बोलू नकोस. एखाद्या गोष्टीचं उत्तर माहीत नसेल तर उद्या सांगतो म्हण आणि उद्या खरंच सांग. असं कर म्हणताना का करायचं तेही सांग. कारण कळलं नाही, तर समोरच्या संघाने काही नवीन केल्यावर तो पोरगा गोंधळून उभा राहील. आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या लाइनच्या कोचला विचार, पहिलं पाऊल तो पोरांना नेमक्या कोणत्या शब्दांत शिकवतो. ते शब्द वहीत उतरवून घे आणि तेच वापर. दोन कोचांनी दोन तऱ्हेने सांगितलं, तर स्नॅपच्या क्षणी पोरगा अडखळतो.

ताईशी मी रविवारी बोलतो. पगाराचा आकडा मात्र तिला तूच सांग, माझ्याकडून नको.

तुझा,
मामा